याला जरा दाखवून ठेव

"आमच्या बँडमधून कोनाला काढलेला नाय," असं सॅबी छातीवर हात ठेवून सांगायचा, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंही होतं. 'तू नको' हे शब्द त्याने कधी कोणाला ऐकवले नाहीत. तो फक्त एखाद्या संध्याकाळी एक अनोळखी माणूस सरावाला घेऊन यायचा, जुन्याच्या शेजारी उभा करायचा आणि म्हणायचा, "याला जरा दाखवून ठेव. उद्या तू आजारी पडलास तर कोन वाजवनार?" जुना माणूस खूश व्हायचा. आपलं काम दुसऱ्याने शिकावं इतकं चांगलं आहे, असं त्याला वाटायचं. मग तो मन लावून शिकवायचा, स्वतःच्या खुब्या सांगायचा, वर नव्याला चहा पाजायचा. नव्याला सगळं आलं की जुन्याला सरावाची वेळ कळवणं बंद व्हायचं.

ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्या माणसाच्या बँडमध्ये मी नव्वदच्या दशकातली बहुतेक वर्षं कीबोर्ड वाजवला. एवढ्या काळात गायक बदलले, बेसवाले बदलले, मी मात्र टिकले. यात माझ्या वादनाचं कौतुक काहीही नाही. कीबोर्ड माझा स्वतःचा होता, काकाने मस्कतहून आणलेला, आणि मला काढलं असतं तर तोही गेला असता. सॅबीला हिशेब कळायचा.

सॅबी वसईच्या पाचूबंदरचा. बाप्तिस्म्याचं नाव सेबॅस्टियन, घरात बस्त्याव, बँडमध्ये सॅबी. मासे मारणाऱ्या घरात जन्मलेला, पण बोटीत पाय ठेवला की ओकायचा, म्हणून बापाने कंटाळून वालीवला एका वर्कशॉपमध्ये लेथवर चिकटवला. उंच, हाडं मोजून घ्यावीत असा सडपातळ, केस मानेपर्यंत. बोटांची नखं तो कारखान्यातल्या बारीक कानसीने घासायचा आणि घासताना समोरच्याकडे बघायचाही नाही. गिटार वाजवायच्या आधी जेवायचा नाही. वाजवून झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या तर तोंड वाकडं करायचा, कारण ज्यांना काही कळत नाही त्यांच्या टाळ्या म्हणजे त्याला मच्छरांसारखा त्रास. एवढं सगळं असून तो गिटार असा वाजवायचा की त्याच्यावरचा राग तेवढ्यापुरता विरून जायचा. हे मला आजही कबूल करावं लागतं, आणि कबूल करताना दात खावे लागतात.

मी तेव्हा वसई रोडला एका मराठी प्राथमिक शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. आम्ही गिरगावातली खोली विकून इथल्या फ्लॅटमध्ये आलेलो. शाळेच्या गॅदरिंगला मी मुलांच्या नाचाला कीबोर्ड वाजवला आणि कार्यक्रम संपल्यावर हा लांबोडका माणूस स्टेजच्या पायरीशी येऊन उभा राहिला. नमस्कार नाही, नाव नाही.

"पेटी कोनाची?"

"माझी."

"वाजवते कोन?"

"मीच. आत्ता तुम्ही बघितलंत की."

"बघितला. दोन्ही पायजेत मला," तो म्हणाला. "पेटी चांगली हाय."

अशी माझी निवड झाली. घरी मी 'पाश्चात्त्य संगीताच्या सरावाला जाते' असं सांगितलं. ते शब्दशः खरं होतं, आणि आईला त्यात कुठे बोट ठेवायला जागा मिळाली नाही.

बँडचं नाव लाइटहाऊस. वसईच्या गावागावांत तेव्हा लग्नाला, सणाला वाजवणारे बँड पुष्कळ होते. ते सगळे हिंदी वाजवत, कोंकणी वाजवत, लोक म्हणतील ते वाजवत. सॅबी फक्त साठ-सत्तरच्या दशकातलं इंग्रजी रॉक वाजवायचा. एका लग्नात नवऱ्याच्या मामाने स्टेजवर येऊन नाचाचं एखादं गाणं मागितलं, तर सॅबीने माईकवरूनच सांगितलं, "नाचायचा असेल तर दुसरा बँड बोलवा, आम्ही थांबतो." आणि खरोखर गिटार खाली ठेवून उभा राहिला. मामा लाल झाला. नवरीने हात जोडले तेव्हा कुठे पुढचं गाणं सुरू झालं, तेही आमचंच.

सराव वालीवला, सॅबीच्या शेठच्या एका रिकाम्या गाळ्यात. चारी बाजूंना नटबोल्टची खोकी, मध्ये आम्ही. पलीकडच्या गाळ्यात पत्रा कापायची पॉवर प्रेस होती. आम्ही वाजवत असू तेव्हा तिची दुसरी पाळी चालू असायची. धप्प, धप्प, धप्प, एकसारखी, भिंतीतून थेट तळपायात. मला सुरुवातीला डोकेदुखी व्हायची. मग सवय झाली, इतकी की ती ऐकूच येईना. वालीवला सुट्टी शुक्रवारी. तेवढ्या एका दिवशी प्रेस बंद असायची, आणि आम्हीही तो दिवस सोडत असू, कारण शेठ शुक्रवारी गाळ्याची चावी घेऊन घरी बसायचा.

कोणी चुकलं की सॅबी ओरडायचा नाही. डोळे मिटायचा, तारा छेडायची बोटातली प्लास्टिकची चकती दातांत धरायचा आणि म्हणायचा, "परत." एवढंच. कोण चुकलं ते सांगायचा नाही. ज्याचं चुकलं त्याने ओळखायचं, आणि ज्याचं नाही चुकलं त्यानेही दहादा स्वतःला तपासायचं. त्याच्या बापाच्या अंत्यविधीला चर्चमध्ये मी गेले होते. मिस्साची प्रार्थना संपल्यावर लोक याच्या खांद्यावर हात ठेवत होते आणि हा ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला बाजूला घेऊन सांगत होता, "अंकल, शेवटच्या गायनात तुम्ही सूर सोडला." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, मयताच्या आठवणीने आलं.

पहिला गेला तो रॉनी, आमचा मूळ गायक. मराठी शाळेत शिकलेला, इंग्रजी शब्द त्याला अर्थाशिवाय पाठ, पण गळा असा की मी कीबोर्डवरची बोटं विसरायची. मधे त्याचा घसा बसू लागला. सॅबीने नालासोपाऱ्याहून एकाला आणलं. "याला जरा दाखवून ठेव." रॉनीने त्याला गाणी शिकवलीच, पण श्वास कुठे घ्यायचा, उंच स्वराच्या आधी मान किती खाली करायची, हेसुद्धा शिकवलं. पाचूबंदरच्या सणाला संध्याकाळी कार्यक्रम होता. रॉनी नवं पांढरं जाकीट घालून आला, बरोबर बायको, सासू. स्टेजवर नालासोपाऱ्याचा उभा होता.

"मी कुठे उभा राहू?" रॉनीने विचारलं. त्याला अजूनही कळलं नव्हतं.

"खाली," सॅबी म्हणाला. "आज तू ऐक. बाहेरून ऐकला की लय समजता."

रॉनी पूर्ण कार्यक्रम खाली उभा राहिला, जाकिटासकट. सासूने मधेच विचारलेलं मी ऐकलं, "तुमची पाळी कधी?" आणि तो म्हणाला, "आता येईल."

यानंतर खरं तर सगळे शहाणे व्हायला हवे होते. पण माणसाला वाटतं, आपली गोष्ट वेगळी. आमचा बेसवाला दिनेश जूचंद्रचा, मिठागरावर काम करणारा, अंगाने आडवा आणि स्वभावाने पाण्यासारखा. त्याने सॅबीला घरी कितीदा जेवायला नेलं असेल त्याला सुमार नाही. त्याची आई सॅबीला तांदळाची भाकरी ताटात गरम गरम टाकायची. एका वर्षी सॅबीने दिनेशला एक सडपातळ मुलगा आणून दिला, दिनेशने त्याला सगळं शिकवलं आणि मनात काही आणलं नाही.

जूचंद्रची रांगोळी सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेली. दिवाळीत शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरतं. माणसांचे चेहरे असे काढतात की फोटो काढून समोर ठेवला असं वाटावं. दिनेशच्या चुलतभावाने त्या दिवाळीला आमच्या बँडची रांगोळी काढली. मी, गिटार घेतलेला सॅबी, बेस घेतलेला दिनेश, मागे ड्रम. सगळं गाव बघायला लोटलं होतं. दिनेशची आई नवं लुगडं नेसून दोरीच्या कडेला उभी. सॅबी आला, दोरीपाशी वाकला, बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, आता तरी काही बरं बोलेल.

"हा चेहरा बदलायला लागेल," तो दिनेशच्या चुलतभावाला म्हणाला. "हा आता बँडमधी नाय."

दिनेशला ते तिथे कळलं. आईसमोर, सगळ्या गावासमोर, स्वतःच्या रांगोळीतल्या चेहऱ्याकडे बघताना. चुलतभावाने रंगाचं भांडं जमिनीवर ठेवलं आणि हात झटकले. दिनेश पुढे झाला. त्याने दोरी ओलांडली, पांढऱ्या रांगोळीची मूठ भरली, आणि सॅबीच्या चेहऱ्यावर हळूच सोडली. कपाळ, डोळे, तोंड सगळं पांढरं. मग उठून म्हणाला, "आता बरोबर झाला."

मी मनातून म्हटलं, शाब्बास. सॅबी परत वाकला, रांगोळी नीट बघितली आणि म्हणाला, "गिटार बरोबर काढलीय. तोंडाला काय करायचा?" त्याला खरोखरच काही लागलं नाही. प्रदर्शन संपेपर्यंत लोक ती बिनतोंडाच्या गिटारवाल्याची रांगोळी बघून जात होते.

राहिला फेलू. फेलिक्स, सॅबीचा धाकटा भाऊ, आमचा ड्रमवाला. दिसायला सॅबीचाच आखूड केलेला तुकडा, पण स्वभाव आईचा. फेलू तोतरा होता. पहिलं अक्षर त्याच्या तोंडात अडकायचं आणि सुटेपर्यंत तो स्वतःच ओशाळा होऊन हसायचा. म्हणून तो बोलायचाच नाही. गाळ्यात सगळ्यांत आधी येऊन झाडू मारायचा, माझ्या कीबोर्डच्या वायरी जोडून ठेवायचा, मी आले की मान हलवायचा, आणि ड्रममागे जाऊन बसला की मग तो फेलू राहायचा नाही. तिथे त्याचा एकही शब्द अडकत नव्हता.

बाप होता तोवर फेलू बापाच्या बोटीवर होता आणि चांगला होता. बाप गेल्यावर बोट काकाने चालवायला घेतली, तेव्हाही फेलूची जागा बोटीवर कायम होती. सॅबीने त्याला उतरवला. "बोटीवर कोनपन जाईल," तो म्हणाला. "ड्रम कोन वाजवनार?" मोठ्या भावाने एवढं म्हटल्यावर फेलूला दुसरं काही नको होतं. बोटीवर त्याच्या जागी काकाचा मुलगा गेला. तेव्हापासून फेलूला या जगात बसायला एकच जागा होती, ती ड्रममागचं ते गोल स्टूल. हे मला दिसत होतं, त्यांच्या आईला दिसत होतं. सॅबीला दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

दशक संपता संपता आम्ही मुंबईतल्या एका रॉक बँडच्या स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत पोचलो. कॉलेजच्या मैदानावर, मोठं स्टेज. सॅबीने जेवण निम्मं केलं. त्याने शेठकडून शुक्रवारची चावी मागून घेतली, कारण त्याला शांततेत ऐकायचं होतं. प्रेस बंद, सगळं वालीव बंद. त्याने टेपरेकॉर्डर मध्ये ठेवला आणि आम्ही स्पर्धेची तिन्ही गाणी वाजवली. मग कॅसेट मागे घेऊन ऐकली. सॅबी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. शेवटचं गाणं संपायला हवं होतं त्याच्या कितीतरी आधी संपलं. दुसऱ्या कडव्यानंतर ते घरंगळत सुटल्यासारखं धावलं होतं.

"कोन धावला?" सॅबीने विचारलं.

गाणं धावलं की दोष ड्रमवाल्याचा, हा आमच्या जगाचा कायदाच आहे. आम्ही सगळ्यांनी फेलूकडे बघितलं. फेलूने एकदा सॅबीकडे बघितलं. मग काठ्या मांडीवर ठेवल्या.

"म-मी."

"समजला," सॅबी म्हणाला.

पुढच्या आठवड्यात बोरिवलीचा कुणाल आला. शिकलेला, कानात यंत्राची टिकटिक लावून वाजवणारा, पायात पांढरे बूट. सॅबी फेलूकडे न बघता वायर गुंडाळत म्हणाला, "याला जरा दाखवून ठेव."

ते शब्द ऐकल्यावर काय होतं हे फेलूला माहीत नसेल असं नाही. रॉनीचं जाकीट त्यानेही बघितलं होतं. तो स्टुलावरून उठला, बाहीने स्टूल पुसलं आणि कुणालला बसायला दिलं. मला त्या वेळी सॅबीच्या डोक्यात कीबोर्ड घालावासा वाटला. पण कीबोर्ड महाग होता.

त्या रविवारी मी पाचूबंदरला त्यांच्या घरी गेले. त्यांची माय वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळायला टांगत होती. सॅबी ओट्यावर नखं घासत बसलेला.

"बस्त्याव," माय म्हणाली, तिचे हात बोंबलांवरून थांबले नाहीत, "त्याचा तोंड देवाने बांधला. हात मोकळे ठेवले. ते पन तू बांधतोस?"

"मग चर्चमधी मेणबत्त्या लाव म्हनावं," सॅबी म्हणाला. "तितं हात लागतात."

फेलू आत होता. दार उघडं होतं. माय माझ्याकडे वळली. "बाय, तू तरी सांग याला."

मी सांगितलं. मला जेवढं कडक बोलता येतं तेवढं सगळं बोलले. सख्ख्या भावाला बोटीवरून उतरवून वाऱ्यावर सोडणारा माणूस आणि रस्त्यात बायकोला टाकून जाणारा माणूस यांत मला फरक दिसत नाही, असंही म्हणाले. त्याने सगळं ऐकून घेतलं, नखांवर फुंकर मारली आणि म्हणाला, "बाय, तो धावतो. तू कॅसेट ऐकलीस ना? मग?" कॅसेट मी ऐकली होती.

फेलूने कुणालला शिकवलं. बोलण्याने नाही, वाजवून. कुणाल हुशार होता, भराभर उचलत होता. शेवटच्या गाण्यापाशी मात्र फेलूने त्याचा हात धरून थांबवलं आणि मोठ्या कष्टाने म्हणाला, "दु-दुसऱ्या कडव्यानंतर सॅबीकडे ब-बघ. आनि जा."

"कुठे जा?" कुणाल म्हणाला.

"त्याच्याब-बरोबर."

"अरे, मी क्लिकवर वाजवतो भावा. कोणाकडे बघायची गरज नाही मला," कुणाल म्हणाला आणि कानात टिकटिक घातली. मला फेलूच्या त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. पलीकडे प्रेस चालू होती, धप्प, धप्प, आणि नव्या ड्रमवाल्याबरोबर गाणं छान सरळ जात होतं. सॅबीने डोळे मिटले नाहीत. त्या महिन्यात तो एकदाही 'परत' म्हणाला नाही.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी आम्ही टेम्पोने गेलो. ड्रम फेलूचेच होते, कारण कुणालचे त्याच्या घरातून निघत नव्हते. फेलूने ते टेम्पोत चढवले, उतरवले, स्टेजवर मांडले, स्टुलाची उंची कुणालला हवी तशी केली आणि बाजूच्या पडद्याला टेकून उभा राहिला.

पहिली दोन गाणी अशी झाली की मैदानातली पोरं उभी राहिली. तिसरं सुरू झालं. दुसरं कडवं संपलं आणि मला माझ्या उजव्या कानाला सॅबीची गिटार पुढे गेल्यासारखी वाटली. आधी थोडी, मग चांगलीच. कुणाल हलला नाही. त्याच्या कानात टिकटिक होती, तो त्याच्या जागेवर खांबासारखा. मधे मी, बेसवाला, गायक, कोणाबरोबर जावं ते कळेना. गायकाने सॅबीला धरलं, बेसवाल्याने कुणालला, आणि ते गाणं हजार लोकांसमोर मधोमध फाटलं. पोरं हसायला लागली. मला पडद्याशी फेलू दिसत होता. त्याचे रिकामे हात हवेत चालले होते, सॅबीबरोबर, सॅबीच्याच वेगाने.

तेव्हा मला कळलं. फेलू कधीच धावला नव्हता. सॅबी धावायचा, आणि फेलू त्याला उघडा पडू द्यायचा नाही. तो स्वतः त्याच्याबरोबर धावायचा आणि आम्हा सगळ्यांना ओढून न्यायचा, म्हणजे फरक कोणाला ऐकू येऊ नये. वालीवला ती प्रेस भिंतीपलीकडून सॅबीला धरून ठेवायची, म्हणून तिथे कधी फारसं जाणवलं नाही. शुक्रवारी प्रेस नव्हती. स्पर्धेला फेलू नव्हता.

स्टेजमागे कुणाल बूट आपटत आला. "बॉस, तू धावतोस," तो सॅबीला म्हणाला. "कॉलेजची पोरंसुद्धा ओळखतील. तुझा भाऊ इतकी वर्षं तुझ्यामागे पळत होता. आणि तू त्यालाच काढलंस?"

सॅबीने चकती दातांत धरली. मी त्याला तसा कधी बघितला नव्हता. चेहरा राखेसारखा. मला वाटलं, आता हा माणूस कुठेतरी तुटेल, आणि खरं सांगते, मी त्याची वाट बघत होते.

तेवढ्यात फेलू मधे आला. त्याने कुणालच्या छातीवर दोन्ही हात ठेवून त्याला मागे लोटलं. फेलूला चिडलेला मी आयुष्यात तेवढाच पाहिला. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, मानेच्या शिरा फुगल्या, अक्षर काही केल्या सुटेना, आणि आम्ही सगळे ते सुटायची वाट बघत उभे.

"मा-माझा भाऊ ध-धावत नाय," तो म्हणाला. "म-मीच धावतो. प-पयल्यापासून."

सॅबीने चकती तोंडातून काढली. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"बघ," तो कुणालला म्हणाला. "तोच बोलतो."

परतीच्या टेम्पोत फेलू ड्रम हलू नयेत म्हणून त्यांना मिठी मारून मागे बसला होता. वसई फाट्याला वळलो तेव्हा सॅबी खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ड्रमवाला बदलायला लागेल."

कुणाल तसाही परत येणार नव्हता. स्टूल मोकळं झालं. फेलूने दुसऱ्याच दिवशी गाळ्यात जाऊन ड्रमच्या पितळी ताटल्या चिंचेने घासल्या, कातड्या आवळल्या, फरशी धुतली आणि संध्याकाळी आम्ही येईपर्यंत दारात उभा राहिला. सॅबी आला तो खोकं घेऊन. त्यातून त्याने ताल वाजवणारं मशीन काढलं, फेलूच्या स्टुलावर ठेवलं आणि वायर लावली.

"मशीन धावत नाय," तो म्हणाला.

फेलूने मान हलवली. जणू त्याचंही हेच मत होतं. मी माझा कीबोर्ड सुटा केला, पिशवीत घातला आणि रिक्षा थांबवली. जाताना सॅबीला जे म्हणाले ते शिक्षिकेने लिहून ठेवण्यासारखं नाही. त्याने ते सगळं ऐकून घेतलं. मी रिक्षात बसल्यावर तो दारापर्यंत आला.

"बाय," तो म्हणाला, "वायर राहिली तुझी."

फेलू त्या हंगामात बोटीवर गेला. काकाच्या मुलाच्या हाताखाली, खलाशी म्हणून, त्याच बोटीवर जी त्याच्या बापाची होती. ड्रम बरेच दिवस ओट्यावर पडून होते. मग मायने त्यांच्यावर बोंबलाच्या टोपल्या ठेवायला सुरुवात केली.

मध्ये बरीच वर्षं गेली. माझं लग्न झालं, शाळा बदलली, वसईत जिथे शेतं होती तिथे सात-सात मजले उभे राहिले. लाइटहाऊस म्हणजे आता एकटा सॅबी, एवढं कानावर येत होतं. लॅपटॉपमध्ये ड्रम, बेस, कीबोर्ड सगळं भरलेलं, समोर हा गिटार घेऊन. शेवटी त्याला हवा तसा बँड मिळाला होता, ज्यात कोणाला काही दाखवून ठेवायला लागत नाही.

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास मायच्या भाचीच्या मुलीचं लग्न होतं आणि मायने मला निरोप पाठवला. संध्याकाळचं रिसेप्शन, मोकळ्या मैदानात मांडव, नवरानवरीसाठी पेले उंचावून टोस्ट झाला होता, पानं वाढली जात होती. माय थकली होती, तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही. मला तिने फेलूच्या टेबलावर बसवलं. तो त्याच दिवशी बोटीवरून उतरला असावा. उन्हाने काळा पडलेला, इस्त्रीचा शर्ट, हातांना जाळ्याचे घट्टे. मला बघून तो तसाच ओशाळा हसला आणि माझी खुर्ची पुसली.

स्टेजवर सॅबी. केस पांढरे, पण मानेपर्यंत. त्याने आमचं ते तिसरं गाणं सुरू केलं. जोडपी नाचायला उठली. बोटं तशीच होती त्याची, मला दात खावे लागले. दुसरं कडवं संपलं आणि तो निघाला. लॅपटॉपमधले ड्रम आपल्या जागेवर, हा पुढे. नाचणारी जोडपी एकमेकांच्या पायावर पाय द्यायला लागली. फेलूची बोटं टेबलावर कधीच चालू झाली होती, ताटलीच्या कडेला, चमच्यावर, सॅबीबरोबर.

सॅबीने गाणं बंद केलं. डोळे मिटले, चकती दातांत धरली.

"परत," तो माईकवर म्हणाला. मग डोळे उघडून थेट आमच्या टेबलाकडे बघितलं. "फेलू, टेबल वाजवू नको. तुझ्यामुळे गाना धावता."

मांडव हसला. ओळखीचे लोक वळून फेलूकडे बघायला लागले. माय ताटात बघत राहिली.

"स-सॉरी," फेलू म्हणाला आणि दोन्ही हात गुडघ्यांच्या मध्ये दाबून धरले.

गाणं पुन्हा सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं कडवं. फेलूचे हात गुडघ्यांत होते आणि डोळे भावावर, कामावर असलेल्या माणसाचे असतात तसे. सॅबी पुढे निघाला. मी टेबलाखाली बघितलं. फेलूचा पाय चालू होता, मशीनला सोडून, सॅबीच्या बरोबर.